तापतं दूध, तापलेलं दूध

कांबळे बाई दूध उभ्यानं प्यायच्या.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढायची आणि फेस बसायच्या आत त्यानं पेला रिकामा करायचा, ही आमच्या कोल्हापूरची जुनी रीत. येणारं गिऱ्हाईक म्हणजे तालमीतली पोरं, नाहीतर पेन्शनीतले म्हातारे. बायका येतात, पण किटली घेऊन येतात आणि बाजूला थांबतात. बाईंचं तसं नव्हतं. शाळा सुटली, शिकवणी सुटली की मोपेड भिंतीला लावायच्या, छत्री हँडलला अडकवायच्या आणि पैलवानांच्या रांगेत जाऊन उभ्या राहायच्या. छत्री बारा महिने बरोबर. पाऊस नसला तर ऊन, ऊन नसलं तर कुत्री.

पेला एका दमात खाली करायच्या. ओठावर फेसाची मिशी यायची. रांगेत त्यांचाच एखादा जुना विद्यार्थी असायचा. तो म्हणायचा, "बाई, मिशी."

"असू दे. तुला तरी कुठं आलीय अजून."

सगळा कट्टा हसायचा. बाई पदरानं ओठ पुसून पैसे ठेवायच्या आणि फटफट करत निघून जायच्या.

एकदा गर्दी होती म्हणून मी आधीच काढून ठेवलेलं दूध त्यांच्या पेल्यात ओतलं. बाईंनी पेल्यात बघितलं आणि पेला परत ठेवला.

"अण्णा, हे निघालेलं दूध आहे. मला निघतं पाहिजे."

"दूध त्येच की बाई. म्हैस बी तीच."

"तेच कसं? निघतं वेगळं, निघालेलं वेगळं. तापतं वेगळं, तापलेलं वेगळं. इंग्रजीत ह्याच्यावर मार्क असतात."

माझी बायको हिरा शेजारीच दुसऱ्या म्हशीला आंबोण घालत होती. मार्क म्हटल्यावर तिनं मान वर केली. तिथनं सगळं सुरू झालं.

हिरा गेल्या श्रावणात गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो. म्हणून बाईंबद्दल लिहितो. बाईंबद्दल लिहिताना ती मधनंमधनं येतेच, तिला कोण अडवणार.

हिरा कोडोलीची. दहावीत इंग्रजीत नापास झाली आणि त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. पुढं संसार, म्हशी, पोरगी, पोरगीचं लग्न. पण बँकेत म्हणा, सरकारी कचेरीत म्हणा, खिडकीमागचा माणूस विचारायचा, शिक्षण? ही म्हणायची, धावी. तो मान वर न करता विचारायचा, पास का नापास? मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. ही हळूच नापास म्हणायची आणि घर येईपर्यंत माझ्याशी बोलायची नाही.

मी म्हणायचो, "त्यात काय एवढं? मी चौथी. मला कोण काय विचारतंय?"

"तुम्ही चौथी पास हाय," ती म्हणायची.

मी बादली उचलून गोठ्यात जायचो.

तर त्या दिवशी तिनं आंबोणाची पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि बाईंना विचारलं, "बाई, मी बसू काय धावीला?"

"बसा की."

"पास हुईन?"

"ते बसल्यावर बघू वहिनी. उभ्यानं फक्त दूध प्यायचं."

बाई शिकवायला आमच्या गोठ्यात यायच्या. शिवाजी पेठेत आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. पुढच्या खोलीत खुर्ची होती, पंखा होता, पण बाई मागं जाऊन बादली पालथी घालून बसायच्या. म्हणायच्या, इथं क्रियापदं जास्त आहेत.

त्यांचा एक नियम होता. क्रियापद आधी हातानं करायचं, मग तोंडानं म्हणायचं. हाताला कळलं नाही ते तोंडात टिकत नाही म्हणायच्या. शाळेतली पोरं गो, वेंट, गॉन पाढ्यासारखं घडाघडा म्हणतात, आणि गॉन कुठं वापरायचं विचारलं की खिडकीतनं बाहेर बघतात, ह्याचा बाईंना फार राग. त्यामुळं हिरानं म्हैस धुवायला घेतली की म्हणायचं, वॉशिंग. धुऊन झाली की, वॉश्ड. शेणी थापून वाळत लावल्या की त्या ड्रायिंग. चार दिवसांनी हाताला खडखडीत लागल्या की ड्राइड. बाई खडूच्या तुकड्यानं गोठ्याच्या भिंतीवर रेघ मारायच्या. रेघेच्या अल्याड चाललेलं काम, पल्याड झालेलं काम. ती रेघ मी अजून पुसली नाही. चुना मारताना तेवढी जागा सोडली.

उत्तर चुकलं तर बाई 'चूक' म्हणत नसत. म्हणायच्या, "शिजतंय अजून." बरोबर आलं की, "शिजलं." एवढंच. शाबास नाही, टाळ्या नाहीत. हिरा दिवसभर त्या एका 'शिजलं'साठी धडपडायची. भाकरी थापताना तोंडानं चालू असायचं, ईट, एट, ईटन. मी ताटावर बसून वाट बघत असायचो.

"ईटन कवा हुणार?" मी विचारायचो.

"बेकिंग हाय. जरा दम धरा."

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. बाई शाळेतल्या, त्या 'मी आले' म्हणायच्या. पण हिराचं त्यांनी कधी सुधारलं नाही. उलट म्हणायच्या, "इंग्रजीला तुमचंच पटतं वहिनी. तिथं आलो-आले भानगडच नाही."

एकदा दूध तापवायचा धडा चालला होता. हिरा गॅसपाशी, बाई दारात बोट वर करून. बोट खाली आलं की हिरानं गॅस बंद करायचा आणि तिसरं रूप म्हणायचं. हिरा आपली बॉइलिंग, बॉइलिंग करत बाईंच्या बोटाकडं बघत उभी. नेमकं तेवढ्यात बाईंना मांजर दिसलं. मांजर खिडकीतनं कुठं जातंय ते बघण्यात बोट वरच राहिलं आणि सगळं दूध उतू गेलं. शेगडी, ओटा, खालचं पायपुसणं, सगळीकडं दूध.

बाई जराशा ओशाळल्या. हिरा मात्र गॅस बंद करून शांतपणे म्हणाली, "ह्ये तापलेलं न्हाई, बाई. ह्ये उतू गेलेलं. ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

बाईंनी सांगितलं, पण वर म्हणाल्या, "हे परीक्षेला येत नाही."

"घरात रोज येतंय, आन परीक्षेला कसं न्हाई? पेपर काढणारा पुरुष असंल."

बाई इतक्या हसल्या की छत्री हातातनं पडली. मग दोघींनी मिळून ओटा पुसला. वायपिंग, वाइप्ड.

बाई शिरोळकडच्या. घरचे लोक उसाच्या कामावर जायचे, बाई शिकल्या आणि इथं शाळेला लागल्या. एकट्या राहायच्या. लग्नाचं हिरानं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वेळच झाला नाही. आधी शिकत होते, मग शिकवत होते." घरात बुद्धांची लहानशी मूर्ती, पुढं एक मेणबत्ती आणि बाकी सगळी पुस्तकं. चांगल्या कामाला पांढरी साडी आणि वाईट कामालाही पांढरीच. बाई पांढऱ्या साडीत दिसल्या की तोंडाकडं बघून ओळखायला लागायचं, काय झालंय ते.

आता चंद्रीचं सांगितलं पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि मालकाच्या फटफटीमागं पळवतात. त्यासाठी म्हैस लहानपणापासून तयार करावी लागते. आमची चंद्री हिरानं तयार केलेली. मी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं काढायचो, हिरा मागनं हाळी द्यायची, आणि चंद्री त्या आवाजामागं पळायची. दोरी नाही, काठी नाही. नुसता आवाज.

बाईंच्या मोपेडचा सायलेन्सर एकदा फुटला. दुरुस्तीला टाकू टाकू म्हणत त्या तशाच हिंडत होत्या. त्या संध्याकाळी दूध पिऊन त्यांनी गाडी चालू केली. फट् फट् फट्. चंद्रीनं कान उभे केले. मी पेला विसळत होतो. बघतो तर खुंटीला नुसतं दावं.

बाई पुढं, चंद्री मागं. बाईंना वाटलं म्हैस उधळली आणि आपल्या अंगावर आली. त्यांनी गाडी जोरात पळवली. गाडी जितकी जोरात तितका आवाज मोठा, आणि आवाज जितका मोठा तितकी चंद्री खूष. पेठेतली माणसं दुकानातनं बाहेर आली. पाडवा नाही, काही नाही, आणि शाळेची बाई म्हैस पळवतीय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मागनं ओरडत होतो, "बाई, गाडी बंद करा, गाडी." पण त्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार. पेट्रोल संपलं रंकाळा तलावाजवळ, तेव्हा गाडी थांबली आणि म्हैसही थांबली. मी पोचलो तर चंद्री बाईंच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी, आणि बाई डोळे गच्च मिटून गाडीवर बसलेल्या.

"अण्णा," डोळे न उघडता म्हणाल्या, "अजून आहे का मागं?"

"हाय की. पर आता काय करत न्हाई ती. दमली."

दुसऱ्या दिवशी धड्याला आल्या. हिराला वाटलं होतं येणारच नाहीत. बादली पालथी घातली, पण चंद्रीपासून चांगली लांब. खडू काढला आणि म्हणाल्या, "काल जे झालं ते धड्यात घेऊ. रस्ता कसा होता? दमवणारा. टायरिंग. बाई कशी होती? दमलेली. टायर्ड. जो दमवतो तो अल्याड, जो दमला तो पल्याड. हे उलटं झालं की मार्क गेला."

हिरानं थोडा विचार केला. "म्हंजे आमचं मालक बोरिंग, आन मी बोर्ड."

"शिजलं," बाई म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तिसऱ्या रूपाबद्दल सांगितलं. दुसरं रूप स्वतःच्या पायावर चालतं, वेंट म्हटलं की काम झालं. तिसरं मात्र एकटं हिंडत नाही. त्याचा हात धरायला पुढं कोणीतरी लागतं, हॅज नाहीतर हॅव नाहीतर हॅड. हिरा म्हणाली, ह्ये बी आमच्या मालकासारखंच. त्या दिवशी माझ्यावरच धडा चालला होता म्हणा. मी आपली धार काढत राहिलो. आता घरात एकटा चहा करून घेताना ते आठवतं.

बाकीचे विषय हिरानं वाचून काढले. गणिताची भीती नव्हती, दुधाचा हिशेब जन्मभर तिनंच केलेला. परीक्षा जवळ आली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलवून सांगितलं. मी आत आलो तर ती म्हणाली, "तोंड कशाला पाडताय? पेपर झाल्यावर बघू काय करायचं ते. नापास म्हणून मी वर जाणार न्हाई. तिथं बी खिडकीवर कोणतरी बसला असंल की."

बाईंना कळलं. त्या दिवशी दूध अर्धंच प्यायल्या. धडा चुकवला नाही, आणि तिला उत्तर चुकलं तर 'शिजतंय अजून' म्हणायचंही सोडलं नाही. मी एकदा दारात अडवून म्हटलं, "बाई, आता जरा सोडून द्या की. दमती ती."

"अण्णा, मी तिला फुकटचं 'शिजलं' दिलं तर तिला लगेच कळेल," बाई म्हणाल्या. "आणि मग ती खरंच आजारी पडेल."

इंग्रजीच्या पेपरला बाई पांढरी साडी नेसून आल्या. हिराला मोपेडवर मागं बसवलं. सायलेन्सर तोवर दुरुस्त झालेला. मी माझ्या गाडीवरनं पाण्याची बाटली आणि औषधं घेऊन मागनं. शाळेच्या दारात एक तरुण शिक्षक उभा होता. म्हणाला, "आजी, पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक न्हाई बाळा. पालक ह्ये मागं उभं हाईत," हिरा माझ्याकडं बोट करून म्हणाली आणि आत गेली.

बाईंचा दुसरा नियम, झालेल्या पेपरवर बोलायचं नाही. पेपर सुटल्यावर त्यांनी तिला रंकाळ्यावर भेळ खायला नेलं. दोघी कठड्यावर बसल्या, मी गाडीपाशी. हिरा म्हणाली, "निबंध आवडत्या सणावर होता." बाईंनी भेळेवर लिंबू पिळलं. हिरा म्हणाली, "मी पाडवा लिवला." बाई भेळेत बघत राहिल्या. शेवटी राहवलं नाही.

"शिंगं कशी लिहिली?"

"पेंटेड."

"आणि म्हैस?"

"रनिंग."

बाई उठल्या आणि आणखी एक भेळ घेऊन आल्या.

तिथंच हिरानं सांगून टाकलं, "बाई, पास झालो तर पाडव्याला चंद्री तुमच्या गाडीमागं पळवायची."

बाईंचा घास अडकला. "वहिनी, मला भीती वाटते हो तिची."

"मला इंग्रजीची वाटत न्हवती काय?"

बाईंनी भेळेच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "बरं."

निकाल लागला तेव्हा हिरा अंथरुणाला खिळलेली. बाई दारात आल्या, एका हातात फोन, एका हातात छत्री. साडी पांढरी. मी तोंडाकडं बघितलं.

"शिजलं," बाई म्हणाल्या.

"इंग्रजीत किती?" हिरानं आतनं विचारलं.

"काठावर."

"अल्याड का पल्याड?"

"पल्याड."

हिरा उशीला टेकली आणि डोळे मिटून हसली. मग मला म्हणाली, कट्ट्यावर पेढे वाटा, आन त्या पैलवानांस्नी दोन दोन द्या, माझ्या निकालाची त्यांनी लई वाट बघितली. पुढं दवाखान्यात ठेवली तेव्हा नर्सनं कागद भरताना विचारलं, शिक्षण? हिरा म्हणाली, "धावी पास." नर्सनं लिहिलं. हिरा म्हणाली, "लिवलं काय बरोबर? वाच बघू." त्या पोरीनं वाचून दाखवलं. शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. समाधानानं गेली. हे मी मनाची समजूत घालायला लिहीत नाही, मी तिथंच होतो.

तेरावं झाल्यावर मी कट्ट्यावर गेलो, पण चंद्री पान्हा चोरायला लागली. हिराच्या हाताची सवय. माझ्या गाडीमागंही येईना. चालू केली की नुसती मान फिरवायची. बाई रोज यायच्या, रिकामा पेला हातात घेऊन उभ्या राहायच्या. "काढा सावकाश. मला घाई नाही." मी सड चोळत बसायचो, बाई उभ्या. आठवड्याभरानं धार आली. बाईंनी पेला तोंडाला लावला, मिशी आली, आणि त्या दिवशी ती न पुसताच त्या निघाल्या.

दिवाळी आली. आमचं दुःखाचं वर्ष. घरात फराळ नाही, आकाशकंदील नाही. पाडव्याच्या सकाळी पेठेच्या तोंडाशी आवाज आला. फट् फट् फट्. बाहेर येऊन बघतो तर बाई. पांढरी साडी, डोक्यावर हेल्मेट, छत्री हँडलला. सायलेन्सर मेकॅनिककडनं मुद्दाम काढून आणलेला.

माझा चुलतभाऊ तात्या ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "बाई, ह्या घरात औंदा सण न्हाई. घरातली बाई गेलेली हाय."

"गेलेली आहे, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पास झालेलीही आहे. एकीसाठी तुम्ही वर्षभर सण करू नका. दुसरीसाठी मला तासभर म्हैस द्या."

तात्या माझ्याकडं बघायला लागला. मी आत गेलो. रंगाचा डबा माळ्यावर होता. शिंगं दरवर्षी हिरा रंगवायची. माझा हात काही तिच्यासारखा नाही, एक शिंग जरा जास्तच लाल झालं. पण पेपरात तिनं लिहिलं होतं तसं झालं.

त्या दिवाळीनंतर बाई नोकरीतनं मोकळ्या झाल्या आणि शिरोळला भावाकडं राहायला गेल्या. फोन येतो कधीमधी. चंद्रीचं विचारतात. निरोपाला मी गेलो नाही, मला जमत नाही ते. त्यामुळं बाई माझ्या डोळ्यांपुढं त्या पाडव्याच्याच आहेत.

मी चंद्रीला सोडली. म्हटलं, "बाई, मागं बघायचं न्हाई. बघितलं की गाडी डुगडुगती. नीट पुढं बघून चालवा."

"कुठपर्यंत?"

"नदीपर्यंत."

हाळी द्यायला हिरा नव्हती. मी दिली. चंद्री जागची हलली नाही. पण बाईंनी मूठ पिळली, आणि चंद्रीनं कान उभे केले. कितीतरी महिन्यांनी. मग ती निघाली.

गर्दी दोन्ही अंगांना सरकली. पुढं पांढरी साडी, पाठीचा कणा फळ्यावरच्या रेघेसारखा ताठ, आणि मागं काळीभोर चंद्री, एक शिंग जास्त लाल. पैलवान पोरं शिट्ट्या मारत होती. बाईंनी मान तसूभर वळवली नाही. वळणापाशी पोचल्यावर मात्र पुढं बघतच ओरडल्या, "अण्णा, आहे का मागं?"

मी लांब राहिलो होतो. माझ्या आधी रस्त्यावरची माणसंच ओरडली, "हाय, बाई, हाय. मागंच हाय."

तशा त्या वळल्या, आणि मागोमाग चंद्री वळली.